शिकताना अडखळणारी मुले आणि 'इंटरनॅशनल' शाळा : दुबईतील नियम, भारतातील हक्क आणि पालकांसाठी माहिती

मुलगा बोलायला चुणचुणीत. मोबाइलमधलं काहीही दोन मिनिटांत शिकतो. नमाजच्या दुआ नुसत्या ऐकून पाठ करतो. दुकानात पाठवला तर सुट्टे पैसे बरोबर आणतो. पण पुस्तक हातात दिलं की अडखळतो, वहीतलं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही आणि तासभर बसवला तरी अर्धं पान पुरं होत नाही. शाळेतून चिठ्ठी येते, मकतबमधून तक्रार येते. घरात मात्र एकच निकाल लागतो, 'आळशी आहे, लक्षच देत नाही.'

आपल्या समाजात अशी मुले घरोघरी आहेत, फक्त त्यांच्याबद्दल बोललं जात नाही. रत्नागिरी, रायगडची कितीतरी कुटुंबे नोकरीनिमित्त दुबई, शारजा, कुवेत, कतार इथे राहतात. तिथे गेल्यावर पालकांसमोर 'इंटरनॅशनल' शाळांची मोठी यादी येते आणि जवळपास प्रत्येक शाळा 'इन्क्लुझिव्ह' असल्याचं सांगते. ही शाळा आपल्या मुलासाठी खरंच उपयोगाची आहे का? ती त्याला नाकारू शकते का? जादा फी किती योग्य? उद्या गावी परतलो तर दहावीचं काय? या प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी मिळावीत म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

अडचण नेमकी कोणती?

या लेखात आम्ही सौम्य अडचणी असलेल्या मुलांबद्दल बोलत आहोत. त्यांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते, पण शिकण्याच्या एखाद्या भागात गाडी अडते. मुख्य प्रकार असे :

• डिसलेक्सिया : वाचन आणि स्पेलिंगची अडचण. अक्षर आणि आवाज यांची जोडी चटकन जुळत नाही. जोडाक्षरे, काना-मात्रा सुटतात. इंग्रजीत 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल होते.
• डिसग्राफिया : लिहिण्याची अडचण. तोंडी उत्तर येतं, कागदावर उतरत नाही.
• डिसकॅल्क्युलिया : संख्या आणि गणिताची अडचण. पाढे, हातचा, घड्याळ यांत गोंधळ.
• एडीएचडी : लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण जातं. ही वरच्या तिघांहून वेगळी अवस्था आहे, पण अनेकदा त्यांच्याबरोबरच दिसते.

यांत आईवडिलांच्या संगोपनाचा दोष नसतो. डिसलेक्सिया पुष्कळदा घराण्यात चालत येतो, त्यामुळे 'याचा चाचाही असाच होता' हे वाक्य ऐकू येतं. मात्र चाचांना त्या काळी मार मिळाला म्हणून मुलालाही मिळावा, असं नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. दंगा करणाऱ्या मुलाची तक्रार लगेच येते. गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी मात्र वर्षानुवर्षे नजरेतून सुटते. 'मुलगी आहे, पुढे निकाहाच्या वेळी चर्चा नको' म्हणून तपासणी टाळणारेही आहेत. नुकसान तिचंच होतं.

तज्ज्ञाकडे जाण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. नजर कमी असल्यामुळे किंवा नीट ऐकू न आल्यामुळे मागे पडलेली मुलेही असतात. दम-दुआ जरूर करा, पण तपासणीला पर्याय म्हणून नको. इलाज करण्याची शिकवण आपल्याला दीननेच दिली आहे.

तीन लिप्या, दोन दिशा

आपल्या मुलांवरचा एक भार बाहेरच्या तज्ज्ञाच्या सहज लक्षात येत नाही. दुबईतल्या खासगी शाळांत पहिली ते नववीपर्यंत अरबी विषय सक्तीचा आहे आणि मुस्लिम विद्यार्थ्यांना इस्लामिक शिक्षणही घ्यावं लागतं. त्यात इंग्रजी माध्यम, दुसरी भाषा म्हणून हिंदी किंवा उर्दू, संध्याकाळी कुरआनचा वर्ग आणि घरात कोकणी. म्हणजे सात वर्षांचं मूल रोमन आणि देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचतं, तर अरबी उजवीकडून डावीकडे. अरबीत एकाच आकाराला खाली एक नुक्ता दिला की 'बे', वर दोन दिले की 'ते', तीन दिले की 'से'. ज्याला अक्षरांतले बारीक फरक ओळखायलाच वेळ लागतो, त्याची इथे दमछाक होते.

सर्व लिप्या सारख्या कठीण नसतात. मराठीत जसं लिहितो तसंच बहुतेक वाचतो. कुरआनमधल्या अरबीवरही जेर-जबर-पेश दिलेले असतात. अशा लिपीत डिसलेक्सिया असलेलं मूल चुका कमी करतं, पण फार हळू वाचतं. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार उच्चार, त्यामुळे तिथे चुकाही वाढतात. म्हणूनच गावच्या मराठी किंवा उर्दू शाळेत 'जरा मंद' म्हणून निभावून गेलेलं मूल दुबईच्या इंग्रजी शाळेत एकदम 'नापास' दिसू लागतं. मूल तेच असतं, बदललेली असते ती लिपी. तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला मूल घरी कोणती भाषा बोलतं, आधीची शाळा कोणत्या माध्यमाची होती आणि आज ते एकूण किती लिप्या शिकतंय हे आवर्जून सांगा. नाहीतर भाषेची कमी आणि शिकण्यातली अडचण यांची गल्लत होते.

'इंटरनॅशनल' या शब्दाला भुलू नका

शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' असल्याने काहीच सिद्ध होत नाही. मुंबई-पुण्यात हे नाव लावून सीबीएसई किंवा राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळा भरपूर आहेत. पहिला प्रश्न बोर्डाचा विचारा.

आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलोरिएट, ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली. खालच्या वर्गांत प्रकल्प, चर्चा, हाताने करून बघणं यांवर भर असल्यामुळे काही मुले खुलतात. पण अकरावी-बारावीच्या डिप्लोमात सहा विषय, त्याशिवाय दीर्घ निबंध आणि बरंच लेखन असतं. लिहिण्याची अडचण असलेल्या मुलासाठी तो टप्पा जड जाऊ शकतो. केंब्रिजच्या आयजीसीएसईत विषय निवडायला बरीच मोकळीक असते. मूल विज्ञानात हुशार आणि भाषेत कच्चं असेल, तर ही मोकळीक कामाला येते. मात्र पुढे भारतात शिकायचं असेल तर कोणते आणि किती विषय घेतल्यास समकक्षता मिळते, हे भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांत विषय निवडण्यापूर्वीच पाहून घ्या.

दुबईत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांची फी साधारणपणे ब्रिटिश किंवा आयबी शाळांपेक्षा कमी असते. समावेशनाचे नियम मात्र तिथल्या सर्व खासगी शाळांना सारखेच लागू आहेत. त्यामुळे 'चांगला आधार हवा तर महागडीच शाळा हवी' हा समज बरोबर नाही.

समावेशक शाळा म्हणजे काय?

१९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांचे प्रतिनिधी जमले होते. वेगळ्या गरजांच्या मुलांनी शक्यतो सर्वसाधारण शाळेतच शिकावं आणि शाळेने त्यांच्याप्रमाणे स्वतःला बदलावं, असा जाहीरनामा तिथे निघाला. पुढे २००६ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराने समावेशक शिक्षणाला हक्काचा दर्जा दिला. भारताने हा करार २००७ मध्ये आणि संयुक्त अरब अमिरातीने २०१० मध्ये मान्य केला.

थोडक्यात, नुसतं वर्गात बसू देणं म्हणजे समावेशन नव्हे. मूल शेवटच्या बाकावर शॅडो टीचरबरोबर वेगळंच काहीतरी करत बसलं असेल, तर ते फक्त हजर आहे, वर्गात सामील झालेलं नाही.

दुबईत नियम काय आहेत?

अमिरातीत २००६ च्या संघीय कायदा क्रमांक २९ ने अपंग व्यक्तींना शिक्षणाची समान संधी दिली. दुबईने २०१४ साली स्वतःचा कायदा केला. २०१७ पासून सरकारी भाषेत 'अपंग' ऐवजी 'असहाब अल-हिमम' म्हणजे हिंमतवाले लोक हा शब्द वापरला जातो. आपल्या बोलण्यातला 'हिंमत' हा शब्द त्याच अरबी मुळातून आला आहे. शाळेच्या कागदांवर 'स्टुडंट ऑफ डिटरमिनेशन' असं दिसतं ते हेच. कागदावर हा शब्द पाहून घाबरू नका. सौम्य डिसलेक्सिया किंवा एडीएचडी असलेली मुलेही त्यात येतात आणि त्या नोंदीमुळेच आधार मिळतो.

दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए, म्हणजे ज्ञान आणि मानव विकास प्राधिकरणाची देखरेख असते. केएचडीएने २०१७ साली समावेशक शिक्षणाचा धोरण-आराखडा आणि २०२० साली शाळांसाठी सविस्तर निर्देश काढले. पालकांच्या कामाचे मुद्दे हे :

१. केवळ शिकण्यात अडचण आहे या कारणावरून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नाकारायचाच असेल तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि ती केएचडीएलाही कळवावी लागतात.
२. वैद्यकीय निदानाचा कागद आणला तरच प्रवेश, अशी अट घालता येत नाही.
३. भावंड त्याच शाळेत असेल तर अशा मुलाला प्रवेशात प्राधान्य मिळायला हवं.
४. शाळेत समावेशनाची जबाबदारी असलेली ठराविक माणसं असावी लागतात. त्यात आधार-व्यवस्थेचा प्रमुख, सहायक शिक्षक आणि लर्निंग सपोर्ट असिस्टंट येतात.
५. आधाराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी वर्गशिक्षकानेच शिकवण्यात बदल करायचा, मग छोट्या गटात मदत आणि त्यानेही भागलं नाही तर वैयक्तिक आधार. पहिल्या दोन पायऱ्या शाळेच्या नेहमीच्या सेवेतच धरल्या जातात.
६. त्यापलीकडच्या वैयक्तिक सेवेसाठी जादा पैसे घ्यायचे असतील तर पालकांशी लेखी करार हवा. सेवा कोणती, किती वेळ, का आणि किती पैशांत, हे त्यात स्पष्ट असावं.

सौम्य अडचणीच्या मुलाला अनेकदा पहिल्या दोन पायऱ्याच पुरतात. म्हणून शाळेने पहिल्याच भेटीत 'पूर्णवेळ शॅडो टीचर ठेवा, पगार तुम्ही द्या' असं सांगितलं, तर लगेच मान डोलावू नका. आधी वर्गात काय करून पाहिलं, त्याची नोंद दाखवा असं विचारा. एका मध्यम पगाराच्या घरात हा खर्च म्हणजे गावी पाठवायचे पैसे बंद होणं, किंवा बायको-मुलांना परत पाठवणं. म्हणून हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

हे नियम दुबईचे आहेत. अबुधाबीत एडीईके आणि शारजात एसपीईए ही वेगळी प्राधिकरणे आहेत, त्यामुळे तिथल्या पालकांनी त्यांचे नियम पाहावेत. दुबईच्या शाळांचे तपासणी अहवाल केएचडीए प्रसिद्ध करतं. त्यात 'स्टुडंट्स ऑफ डिटरमिनेशन'बद्दल स्वतंत्र भाग असतो. अहवाल कोणत्या वर्षाचा आहे ते पाहून तो भाग आधी वाचा, शाळेचं माहितीपत्रक नंतर.

प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न

• अशी किती मुले सध्या शाळेत आहेत? वरच्या वर्गांतही आहेत का, की पाचवीनंतर गायब होतात?
• स्पेशल एज्युकेटर पूर्णवेळ आहे की आठवड्यातून एकदा येतो?
• मदत वर्गात मिळते की मुलाला बाहेर काढून? बाहेर काढत असाल तर कोणता तास बुडतो? खेळाचा किंवा चित्रकलेचा तास कापला जात असेल तर हरकत घ्या, अनेकदा तेच मुलाचं बलस्थान असतं.
• अरबी आणि इस्लामिक शिक्षणाच्या तासालाही मदत मिळते का? ते शिक्षक आढावा बैठकीला असतात का?
• परीक्षेत कोणत्या सवलती देता आणि त्यांचा अर्ज कधी करता?
• फीच्या वर आणखी काय? सर्व रकमा लेखी मिळतील का?

प्रवेश मिळावा म्हणून मुलाची अडचण लपवणारे पालक आहेत. असं करू नका. दोन महिन्यांत वर्गात ती दिसतेच. मग शाळेचा विश्वास जातो आणि मुलाचं वर्षही वाया जातं.

आयईपी : सर्वांत महत्त्वाचा कागद

आयईपी म्हणजे मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा. तो चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं? 'वाचन सुधारेल' असं उद्दिष्ट लिहिलं असेल तर ते मोजता येत नाही. 'सत्र संपेपर्यंत दुसरीच्या पातळीचा उतारा मोठ्याने वाचून पाचपैकी चार प्रश्नांची तोंडी उत्तरे देईल' हे मोजता येतं. कोण शिकवणार, आठवड्यात किती वेळा आणि आढावा कधी, या तीन गोष्टी त्यात हव्यातच. सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. इंग्रजी अवघड वाटलं तर समजावून मागा, त्यात कमीपणा नाही. बैठकीला आई आणि वडील दोघंही जा. वडील ड्युटीवर आणि आईला इंग्रजी येत नाही म्हणून कुणीच गेलं नाही, असं होऊ देऊ नका. मुलाबद्दल सर्वांत जास्त माहिती आईलाच असते.

आयईपीचा दुसरा उपयोग परीक्षेत होतो. केंब्रिज आणि आयबी दोन्ही वाढीव वेळ, वाचक, लेखनिक, संगणकावर लिहिणं, मध्ये विश्रांती अशा सोयी देतात. वाढीव वेळ बहुधा २५ टक्के असतो. पण या सोयी मुलाला वर्गात एरवीही दिल्या जात होत्या, याच्या नोंदी शाळेकडे असाव्या लागतात. परीक्षेच्या दोन महिने आधी जाग आली तर उपयोग होत नाही.

भारतात परतताना

नोकरी गेली, व्हिसा संपला, आजी-आजोबांची तब्येत बिघडली, अशी परतण्याची वेळ कधीही येते. इथे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लागू आहे. त्यात २१ प्रकार असून 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' त्यांपैकी एक आहे. सरकारी मान्यतेच्या शाळांत समावेशक शिक्षण मिळावं, हे कलम १६ सांगतं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातून सूट आहे, पण म्हणून मान्यताप्राप्त अल्पसंख्याक शाळेला अशा मुलांकडे पाठ फिरवता येत नाही.

बोर्डाच्या सवलतीसाठी खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल पुरत नाही, सरकारने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकरणाचं प्रमाणपत्र लागतं. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ते आठ वर्षांनंतर मिळत असे, १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होत असे आणि १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायम राहत असे. मुंबईत शीव, नायर यांसारख्या महापालिका रुग्णालयांत ही तपासणी होते. तिला अनेक फेऱ्या लागतात, म्हणून सुट्टीत गावी आलात की नंबर लावून ठेवा. दुबईतले जुने अहवाल, आयईपी आणि मुलाच्या वह्या सोबत आणा.

सीबीएसई अशा विद्यार्थ्यांना तीन तासांच्या पेपरला एक तास जादा देतं, शिवाय लेखनिक किंवा वाचक आणि भाषांबाबत काही सूट मिळते. महाराष्ट्राच्या दहावी-बारावी बोर्डातही वाढीव वेळ, लेखनिक आणि विषयांबाबत सवलती आहेत. नोंद नववीतच करून घ्या. शाळेचा ताण सोसवत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएसचा मार्ग खुला आहे. तिथे पाच वर्षांत नऊ संधींमध्ये एकेक विषय सोडवता येतो.

फी परवडत नसेल तर

बहुसंख्य घरांना इंटरनॅशनल शाळा परवडणारी नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण चांगल्या समावेशक शाळा जे करतात त्यातलं बरंचसं फुकटात होतं. मुलाला पुढच्या बाकावर बसवणं, फळ्यावरचं उतरवून घ्यायला जादा वेळ देणं, तोंडी उत्तर स्वीकारणं, सर्वांसमोर वाचायला उभं न करणं, एका वेळी एकच सूचना देणं, यासाठी पैसे लागत नाहीत. आपल्या समाजाच्या संस्था शाळा चालवतात. अशा चार-पाच शाळांनी मिळून एक स्पेशल एज्युकेटर नेमला, तर शंभरेक मुलांचं भलं होईल. जमातीच्या शिष्यवृत्तीत फक्त ९० टक्केवाल्यांचा सत्कार होतो. तपासणीच्या खर्चासाठीही त्यातला थोडा निधी वेगळा ठेवता येईल.

मकतब आणि घर

ह. आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस सर्वांना माहीत आहे. जो अडखळत, कष्टाने कुरआन वाचतो त्याला दुहेरी सवाब आहे, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं. ह. मूसा (अ.स.) यांना बोलताना अडचण होती, त्यांनी भाऊ ह. हारून (अ.स.) यांची सोबत मागितली आणि अल्लाहने ती दिली. अडखळणाऱ्या मुलाला छडी मारण्याला आपल्या दीनमध्ये आधार नाही, त्याला सोबत देण्याला आहे. मौलाना साहेबांना एकदा भेटून मुलाची अडचण सांगा. मोठ्या टाइपाचा कायदा, रोज दोनच ओळी, आधी ऐकून मग वाचणं, एवढ्यानेही फरक पडतो. काही मुले वाचनात कच्ची असूनही ऐकून पाठ करण्यात पक्की असतात, त्यांना तो मार्ग द्या.

घरात 'ढ', 'मठ्ठ' हे शब्द बंद करा, विशेषतः पाहुण्यांसमोर. भावंडांशी तुलना नको. रोज वीस मिनिटे शेजारी बसून वाचा, चुकला तर शब्द सांगून पुढे जा. आणि मुलाला खरं सांगा, की तुझं डोकं कमी नाही, तुझी शिकण्याची वाट वेगळी आहे आणि आम्ही तुझ्यासोबत आहोत.

औलाद ही अमानत आहे. तिची शाळा निवडताना इमारत, स्विमिंग पूल आणि नावातला 'इंटरनॅशनल' शब्द बाजूला ठेवा. आपलं अडखळणारं मूल त्या वर्गात हात वर करून प्रश्न विचारू शकेल का, एवढं पाहा. उत्तर 'हो' असेल, तर इन्शाअल्लाह ती शाळा त्याच्यासाठी योग्य आहे.